अंगठा, गोधडी आणि व्हिएन्नातला हान्स

वाचकाचं पत्र

ताई, मी तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते आणि मुक्त विद्यापीठातून बी.एड. करते आहे. मुलगा साडेचार वर्षांचा. झोपताना अंगठा चोखतो, आणि दुसऱ्या हातात आजीच्या लुगड्याची गोधडी लागतेच. त्याहून मोठी काळजी म्हणजे तो शी दाबून ठेवतो. तीन-तीन दिवस. पाय आवळून कपाटाच्या कोपऱ्यात उभा राहतो, घामाघूम होतो, पण बसत नाही.

त्यातच स्वाध्यायाला व्हिएन्नाच्या डॉक्टर फ्रॉइडच्या मनोलैंगिक अवस्थांवर, म्हणजे वाढत्या वयात मुलाला शरीराच्या कुठल्या भागातून सुख मिळतं त्यावरून पाडलेल्या टप्प्यांवर, प्रश्न आला. मुखावस्था, गुदावस्था वाचता वाचता माझे हातपाय गार पडले. तो सात महिन्यांचा असताना मी कामावर रुजू झाले, दूध तिथेच सुटलं. वर्षाचा व्हायच्या आत सासूबाई त्याला मोरीत पायांवर धरून बसवायच्या, नाही केली की ओरडायच्या. पहिल्या पाच वर्षांत व्यक्तिमत्त्व ठरतं म्हणतात. म्हणजे माझ्या हातात सहा महिने उरलेत.

परवा भांडणात मी सासूबाईंना नोट्समधला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवल्या नाहीत. मिस्टर म्हणतात, पुस्तकं मिटून ठेव. ताई, माझ्या मुलाचा स्वभाव बिघडलाय का?

— एक आई, सांगली जिल्हा

ताईंचं उत्तर

आधी पोटाचं बोलू. फ्रॉइड थांबेल, पोट थांबत नाही.

मूल शी दाबायला लागतं त्यामागे बहुतेक वेळा एक साधी गोष्ट असते. कधीतरी शी कडक झाली, दुखलं. पुढच्या वेळी त्या दुखण्याच्या धास्तीने त्याने ती धरून ठेवली. धरून ठेवली की मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक होते, आणखी दुखतं. या चक्रात मूल हट्टी दिसतं, पण ते घाबरलेलं असतं. पाय आवळून उभा राहतो म्हणजे जोर लावतोय असं आपल्याला वाटतं. तो उलट आत ओढत असतो.

म्हणून या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते बहुधा शी मऊ करणारं औषध देतील. ते त्यांनी सांगितलंय तितके दिवस द्या. दोन दिवस पोट साफ झालं की घरोघरी बाटली बंद होते आणि पंधरा दिवसांत शी पुन्हा अडायला लागते. पाणी, पपई, पेरू, भाज्या वाढवा. दुधाचे पेले मोजा, दुधानेच पोट भरत असेल तर कमी करा. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं, कमोड असेल तर पायाखाली पाट द्यायचा, झाली तर झाली. चड्डीला डाग दिसले तर रागावू नका. साठलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते, ती त्याला कळतही नाही. शीतून रक्त, उलट्या, फुगलेलं पोट, घटणारं वजन यातलं काही दिसलं तर आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी जा. आणि घरच्या घरी एनिमा देऊ नका. का, ते पुढे येईलच.

अंगठ्याचं त्याहून सोपं. झोपेपुरता असेल तर या वयात बहुतेकांचा आपोआप सुटत जातो. कायमचे दात यायच्या सुमारालाही चालू राहिला तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याला कडुलिंब, मिरची लावू नका.

आता तुमचा स्वाध्याय.

तुमच्या नोट्समध्ये पाच अवस्थांचा तक्ता असेल: मुख, गुद, लैंग, सुप्त, जननेंद्रिय. मीही तो तक्ता फळ्यावर इतकी वर्षं काढला की शेवटी शेवटी हात आपोआप रेघा ओढायचा. तक्त्याचा तोटा असा की सगळं एका बैठकीत सुचल्यासारखं वाटतं. फ्रॉइडचं बालपणाच्या लैंगिकतेवरचं पुस्तक आलं १९०५ साली. मुखावस्थेला वेगळी अवस्था म्हणून त्यात जागा मिळाली १९१५ च्या आवृत्तीत. लैंगावस्था आली १९२३ मध्ये. अठरा वर्षं हा माणूस आपलंच लिहिलेलं खोडत, वाढवत होता. आपल्याकडे मात्र पाच ओळी पाठ करून तीन गुण मिळवतात.

तुमची धास्ती अगदीच हवेतली नाही, हेही सांगते. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्ना विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत फ्रॉइडने खरंच म्हटलं होतं की चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत माणूस बरेचदा घडून गेलेला असतो. अंगठा चोखण्याबद्दल तर त्याने १९०५ मध्येच लिहिलं. बुडापेस्टच्या लिंडनर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १८७९ साली या सवयीचा अभ्यास केला होता, त्याचा आधार घेऊन फ्रॉइड म्हणाला की भूक नसतानाही मूल चोखतं, म्हणजे त्याला तोंडाचं म्हणून एक वेगळं सुख असतं. हे निरीक्षण मला आजही पटतं. पाळण्यातलं कुठलंही मूल बघा.

आणि गुदावस्था. १९०८ साली एका छोट्या लेखात त्याने लिहिलं की काही माणसांत तीन गुण एकत्र नांदतात: टापटीप, चिकटपणा आणि हट्ट. याचं मूळ त्याने शी धरून ठेवण्याच्या सुखात शोधलं. हे वाचलं तेव्हा मला माझे सासरे आठवले होते. आलेली पाकिटं उलगडून त्यांची कोरी बाजू ते दुधाच्या हिशेबाला वापरत. सुतळीचे तुकडे लांबीप्रमाणे डब्यात. आणि एकदा नाही म्हणाले की नाही. वर्णन तंतोतंत! पण त्यांना मोरीत कुणी, केव्हा, कसं बसवलं ते सांगणारं माणूस तेव्हाही हयात नव्हतं. नंतरच्या अभ्यासांत असंच निघालं: हे तीन गुण बऱ्याचदा एकत्र सापडतात, याला थोडाफार आधार मिळाला. ते शी-शूच्या वळणातून येतात, याला मिळाला नाही.

मूल एखाद्या अवस्थेत अडकून पडतं आणि तिची छाप स्वभावावर राहते, या कल्पनेतही एक गोम आहे, ती तुमच्या नोट्समध्ये बहुधा नसेल. त्या अवस्थेत सुख कमी मिळालं तरी मूल अडकतं, जास्त मिळालं तरी अडकतं. तुम्ही सातव्या महिन्यात दूध तोडलंत म्हणून तुमचा मुलगा अडकला. शेजारणीने तीन वर्षं पाजलं म्हणून तिचा अडकला. बरं, अडकलेला टापटिपीचा निघाला तरी ते गुदावस्थेमुळे आणि गबाळा निघाला तरी तिच्यामुळेच. अशा सिद्धांताला खोटं पडायला जागाच उरत नाही. टीकाकारांनी यावरच बोट ठेवलं आहे.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. तुमच्या मुलाच्याच वयाचा एक मुलगा या सगळ्या इतिहासाच्या मधोमध उभा आहे.

त्याला पुस्तकात हान्स म्हणतात. खरं नाव हर्बर्ट ग्राफ, जन्म १९०३, व्हिएन्ना. वडील मॅक्स ग्राफ संगीत समीक्षक, फ्रॉइडकडे दर बुधवारी चर्चेला जमणाऱ्या मंडळींतले. आई एके काळी फ्रॉइडची रुग्ण होती. हान्स साडेतीन वर्षांचा असताना धाकटी बहीण झाली. १९०८ च्या जानेवारीत, पावणेपाच वर्षांचा असताना, तो रस्त्यावर जायला घाबरू लागला. घोडा चावेल म्हणे. ओझ्याने लादलेल्या गाडीचा घोडा पडेल म्हणे. मोटारी फारशा नसलेल्या शहरात घोड्याला भिणं म्हणजे घरात कोंडून राहणंच. गंमत म्हणजे त्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला फ्रॉइडने स्वतः चार जिने चढून एक डुलता घोडा आणून दिला होता!

फ्रॉइडने हान्सवर उपचार केले नाहीत. वडीलच त्याच्याशी बोलत, टिपणं काढत आणि फ्रॉइडला पाठवत. फ्रॉइडची आणि त्याची या काळातली भेट एकच, १९०८ च्या मार्चमधली. त्या भेटीत फ्रॉइड मुलाला म्हणाला की तू जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून मला ठाऊक होतं, एक छोटा हान्स येईल, त्याचं आईवर इतकं प्रेम असेल की त्याला वडिलांची भीती वाटेल. घरी परतताना हान्सने वडिलांना विचारलं, प्रोफेसर देवाशी बोलतात का? त्यांना हे सगळं आधीच कसं कळतं?

मला हा प्रश्न त्या अख्ख्या केसमधला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो.

आता तुमच्या उपयोगाचं. हान्सला बद्धकोष्ठ होतं. लहानपणापासून रेचकं आणि एनिमा वरचेवर दिलेले. शीला त्याने स्वतःचा शब्द केला होता, 'लुम्फ'. टिपणांत हा लुम्फ जागोजागी येतो. ओझ्याच्या गाड्या, पडलेला घोडा, आईचं पोट, नवं बाळ, सगळं त्याच्या डोक्यात लुम्फाशी जोडलेलं. फ्रॉइडने १९०९ साली केस छापली तेव्हा मुख्य धागा निवडला तो आईवरच्या प्रेमाचा आणि वडिलांच्या धास्तीचा. मी ती केस वाचते तेव्हा मला दिसतं एक पोर, ज्याला बसताना दुखतं, ज्याला एनिमा देतात, ज्याच्या घरात नवं बाळ आलंय आणि ते कुठून आलं हे कुणी धड सांगत नाहीये. शिवाय नुन्नीला हात लावलास तर डॉक्टर कापून टाकतील, असा दम आईने दिलेला. घाबरायला एवढं पुरेसं नाही का? तुमच्या घरात हा शेवटचा दम कुणी देत असेल तर आजच बंद करा.

मे महिन्यापर्यंत हान्सची भीती ओसरली. आणि १९२२ मध्ये एक दिवस एकोणीस वर्षांचा धडधाकट तरुण फ्रॉइडपुढे येऊन उभा राहिला: मी तुमचा छोटा हान्स. मधल्या काळात त्याच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला होता, दोघांनी दुसरी लग्नं केली होती. त्याचं दोघांशीही बरं होतं. खंत एकच, घर मोडल्यामुळे धाकट्या बहिणीपासून ताटातूट झाली. जिच्याबद्दल त्याला वाटणाऱ्या मत्सरावर पानंच्या पानं लिहिली गेली, तीच ही बहीण. स्वतःची केस वाचायला घेतली तेव्हा ती त्याला परक्या कुणाची वाटली. घोडे, लुम्फ, प्रोफेसर, यातलं काही आठवलं नाही. फ्रॉइडने हे सगळं त्याच वर्षी ताजा कलम म्हणून छापलं, लपवलं नाही. पुढे हा हान्स न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दिग्दर्शक झाला.

फ्रॉइडची पद्धतच अशी होती की समोर कोचावर मोठं, त्रासलेलं माणूस आहे आणि त्याच्या आठवणींतून मागे मागे जायचं. मागे जाताना प्रत्येक पायरी बरोबर जुळते. लग्न मोडल्यावर पत्रिकेत मंगळ सापडतोच, तसं. याची जाणीव त्यालाही होती. १९२० साली एका तरुणीच्या केसवर लिहिताना त्याने कबूल केलंय की शेवटाकडून सुरुवातीकडे गेलं तर साखळी अखंड वाटते, पण सुरुवातीपासून पुढे चालत आलं तर हेच घडणार होतं असं मुळीच वाटत नाही, दुसरंही काही घडू शकलं असतं. तुम्ही त्याचा सिद्धांत नेमका उलट्या बाजूने धरलाय. चाळिशीतल्या माणसाच्या मागे जायला वापरलेली वाट तुम्ही साडेचार वर्षांच्या पोराच्या पुढे अंथरलीत आणि तिच्यावरून त्याची चाळिशी बघून आलात. देवाशी बोलणारं ते खातं फ्रॉइडकडे नव्हतं, तुमच्या-माझ्याकडे कुठून असणार?

बालपणाकडे कसं बघायचं याबद्दल त्याच्या स्वतःच्या मंडळींतही एकमत नव्हतं. १९११ साली आल्फ्रेड ॲडलर बाहेर पडला, १९१३ च्या सुमारास युंग. युंगचं इथे फार काढत नाही. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो तो त्याचा, एवढं पुरे. ॲडलर मात्र तुमच्या कामाचा, कारण तो शिक्षकांचा माणूस. 'न्यूनगंड' हा शब्द आपल्याकडे आता भाजीवालीच्या तोंडीही असतो, त्यामागची कल्पना याची. ॲडलरला लहानपणी मुडदूस होता. थोरला भाऊ पळायचा, हा बाकावर बसून बघायचा. पाचव्या वर्षी न्यूमोनिया झाला, डॉक्टरांनी आशा सोडली होती. तो वाचला आणि स्वतः डॉक्टर झाला. त्याचं म्हणणं असं, की लहानपणी काय वाट्याला आलं यापेक्षा मूल त्याचा काय अर्थ लावतं आणि त्यातून कुठे जायला बघतं ते पाहा. व्हिएन्नात त्याने मुलांसाठी सल्ला केंद्रं काढली. तिथे शिक्षकांच्या समोर तो मुलाशी आणि आईवडिलांशी बोलत असे, म्हणजे शिक्षकांनाही शिकता यावं. १९३४ साली राजकारण फिरलं आणि ती केंद्रं बंद पडली.

आणि एरिक एरिक्सन, ज्याचा तक्ता तुमच्या नोट्समध्ये पुढच्याच पानावर असणार. फ्रॉइडची मुलगी अॅना हिच्या हाताखाली तयार झालेला, विद्यापीठाची पदवी नसलेला माणूस. १९५० साली त्याने आयुष्याच्या आठ अवस्था मांडल्या, पार म्हातारपणापर्यंत. पाच वर्षांत खेळ खलास, हे त्याने मोडलंच. शी-शूच्या वयाबद्दल तो म्हणतो, की इथे मुद्दा आहे स्वायत्ततेचा: धरायचं की सोडायचं हे मूल पहिल्यांदा स्वतः ठरवतं. फार लाजवलं, फार घाई केली, तर त्या जागी लाज आणि शंका येते. म्हणून बसायचं केव्हा, नाश्त्यानंतर की जेवणानंतर, हे तुमच्या मुलालाच ठरवू द्या. बसायचं की नाही, हे नाही.

आता सासूबाई.

वर्षाच्या आत पायांवर धरून बसवणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, त्यात क्रौर्य नाही. लंगोट धुवायला लागू नयेत म्हणून कितीतरी आज्यांनी हेच केलं. ओरडायला नको होतं, ते खरं. पण तुम्ही सात महिन्यांचं मूल ज्यांच्या हातात देऊन शाळेत गेलात त्या याच. भांडणात त्यांच्यावर व्हिएन्ना फेकलंत आणि त्या बिचाऱ्यांना उत्तरही देता येईना. त्या जेवल्या नाहीत, म्हणजे त्यांनी ते मनाला लावून घेतलं. तुमच्यासारखंच.

खरं तर तो सिद्धांत त्यांच्या घरासाठी लिहिलाच गेला नव्हता. कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस नावाचे मनोविश्लेषक, म्हणजे फ्रॉइडच्याच वाटेने रुग्ण बघणारे डॉक्टर, होते. १९२२ साली त्यांनी तिथे भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. त्यांनी त्याला स्पष्ट कळवलं की युरोपी रुग्णांत वडिलांकडून खच्ची होण्याची जी भीती ठळक दिसते, ती माझ्या भारतीय रुग्णांत तितकी दिसत नाही. आदर राखून, पण तोंडावर सांगितलं. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्तीही गेली. मतभेद आणि मूर्ती, दोन्ही त्याने ठेवून घेतलं.

तेव्हा माफी मागताना लांबण लावू नका. "आई, मी तुम्हाला ते वाचून दाखवायला नको होतं" एवढं म्हणा आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर घ्या. शी का अडते हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं बरं. तुम्ही सांगितलंत तर तो दुसरा परिच्छेद होईल. मिस्टरांना पुस्तकं मिटवायला न लावता रात्री जेवणानंतर मुलाला बसवायची पाळी द्या.

स्वाध्यायात प्रश्न 'चिकित्सक परीक्षण करा' असा असेल तर १९२२ ची ती भेट जरूर लिहा. बहुतेक उत्तरपत्रिकांत हान्स १९०९ मध्येच थांबतो.

आणि ती गोधडी. डॉनल्ड विनिकॉट नावाचा इंग्रज बालरोगतज्ज्ञ होता, लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन रुग्णालयात चाळीस वर्षं आया आणि पोरं बघत बसलेला. १९५१ साली त्याने एक निबंध वाचला, त्याची सुरुवातच अंगठ्यापासून आहे. अंगठ्यापासून मूल हळूहळू एखाद्या मऊ चिंधीकडे, बाहुलीकडे जातं. ती वस्तू धड आई नसते, धड परकीही नसते, आणि तिच्या आधाराने ते आईपासून दूर राहायला शिकतं. म्हणजे तुम्ही शाळेत असताना तुमच्या मुलाने आपली सोय आपण केली होती, तीही आजीच्या लुगड्यातून. विनिकॉट असंही नोंदवतो की आया ती वस्तू मळू देतात, वास येऊ देतात, कारण धुतली की मुलाच्या लेखी ती तीच राहत नाही. तेव्हा गोधडी अगदीच कळकट झाली आणि धुवावीच लागली, तर तो बालवाडीत गेलेला बघून गुपचूप भिजत घालू नका. त्याला विचारा, बादलीशी बरोबर घ्या, आणि संध्याकाळपर्यंत वाळेल असं ऊन बघा.